प्राध्यापक रामचंद्रन आणि प्रथिनांची घडी

तुळजापूरचें देवस्थान आणि नळदुर्गचा किल्ला यांच्या खालोखाल आपल्या धाराशिव जिल्ह्याचें नांव दूरदेशीं नेणारें कांहीं असेल, तर ती येथील शेळी होय. उस्मानाबादी म्हणून ओळखली जाणारी ही काळी, काटक जात बालाघाटाच्या माळरानावर बाभळीचा पाला व वाळलेलें गवत खाऊन वाढते. तिच्या दुधामांसाविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांस येथें तिच्या कातड्याविषयीं एक प्रश्न विचारावयाचा आहे. तें कमावून त्यानें डफ मढवा, त्याची वहाण करा, किंवा त्याची बारीक वादी काढून ती दोन्ही हातांनीं ओढून पाहा. तें सहजासहजीं तुटत नाहीं. इतक्या पातळ वस्तूंत एवढें बळ कोठून येतें?

कातडें, हाडें, आणि स्नायूला हाडाशीं जखडून ठेवणाऱ्या कंडरा, या सर्वांत कोलॅजन नांवाचें एक प्रथिन असतें, आणि त्याच्या रेणूंच्या रचनेंत हें बळ सांठविलेलें आहे. ती रचना कशी असते याचा खरा माग प्रथम लागला तो लंडन अथवा न्यूयॉर्क येथें नव्हे, तर मद्रास शहरांत, सन 1954 मध्यें. आणि तो लावणारे प्राध्यापक त्या वेळीं अवघे एकतीस वर्षांचे होते. रसायनशास्त्र किंवा वैद्यक हा त्यांचा विषय नव्हता. ते पदार्थविज्ञानाचे, म्हणजे प्रकाश, उष्णता, स्फटिक यांच्या नियमांचे अभ्यासक होते. सजीव शरीरांतील गुंतागुंतीची गोष्ट निर्जीव गोलकांच्या व कोनांच्या हिशोबानें उलगडतां येते, हें ज्यांनीं जगास दाखविलें त्या प्राध्यापक जी. एन. रामचंद्रन यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही वाचण्याजोगें आहे.

गोपालसमुद्रम् नारायण अय्यर रामचंद्रन यांचा जन्म ता. 8 ऑक्टोबर 1922 रोजीं, त्या काळच्या कोचीन संस्थानांतील एर्नाकुलम् या गांवीं झाला. गोपालसमुद्रम् हें तिरुनेलवेली भागांतील त्यांचें मूळ गांव; दक्षिणेकडील रीतीप्रमाणें तें नांवाच्या आरंभीं येतें. वडील नारायण अय्यर हे एर्नाकुलम् येथील महाराजा कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते व पुढें तेथेंच प्राचार्य झाले. घरांत गणिताची पुस्तकें होतीं आणि तीं शिकवावयास बापासारखा गुरु होता. मग मुलास त्या विषयाची गोडी लागली यांत नवल तें काय? वर्गांत शिकविलें जाण्याच्या कितीतरी आधीं घरीं त्यांचें पुष्कळसें गणित झालेलें असे. येथें पालकांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. नारायण अय्यर यांनीं मुलास उदाहरणांचीं उत्तरें पाठ करावयास लाविलें नाहीं, तर तीं सोडविण्याचा छंद लाविला. हा भेद लहान दिसतो, पण तो लहान नाहीं.

शालेय व इंटरमीजिएटचें शिक्षण गांवींच आटोपून रामचंद्रन सन 1939 मध्यें तिरुचिरापल्ली येथील सेंट जोसेफ कॉलेजांत पदार्थविज्ञानाच्या ऑनर्सच्या वर्गांत दाखल झाले. हें कॉलेज जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनीं सन 1844 मध्यें नागपट्टणम् येथें काढलें आणि 1883 मध्यें तें तिरुचिरापल्लीस आणलें. आमच्या शाळेसारख्या मिशनरी संस्थेंत शिकणाऱ्या मुलांस हें कळून संतोष वाटेल कीं, पुढें भारताचे राष्ट्रपति झालेले डॉ. अब्दुल कलाम हेही याच कॉलेजाचे विद्यार्थी होते. सन 1942 मध्यें ऑनर्सच्या परीक्षेंत रामचंद्रन सर्व मद्रास इलाख्यांत पहिले आले.

त्याच वर्षीं ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत गेले, पण गेले ते विद्युत्-अभियांत्रिकी शिकावयास. या संस्थेंत पदार्थविज्ञानाचे प्रमुख होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, ज्यांना 1930 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. असें सांगतात कीं, या तरुणाची बुद्धि पाहून रामन यांनीं त्यास अभियांत्रिकी विभागाकडून जवळजवळ मागूनच घेतलें. रत्नपारख्याची नजर रामन यांस होती हें खरें. परंतु ती सर्वांच्या बाबतींत सारखीच उघडी असे असें मात्र नाहीं. त्यापूर्वीं नऊ वर्षें, 1933 मध्यें, मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविलेल्या कमला भागवत या मराठी मुलीनें याच संस्थेंत प्रवेश मागितला, तेव्हां ती केवळ स्त्री म्हणून रामन यांनीं तिला नकार दिला होता. ती हटून बसली, अटींवर आंत शिरली, दुधांतील व डाळींतील प्रथिनांवर तिनें काम केलें, आणि पुढें केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन डॉ. कमला सोहोनी या नांवानें प्रसिद्धीस आली. प्रथिनांच्या शास्त्रांत महाराष्ट्राचें नांव प्रथम या विदुषीनें लाविलें. तिच्यासाठीं जें दार लोटावें लागलें तें रामचंद्रन यांच्यासाठीं आपण होऊन उघडलें, एवढें येथें नमूद करून पुढें जाऊं.

रामन यांच्या हाताखालीं रामचंद्रन यांनीं हिरे व इतर स्फटिक यांवर क्ष-किरण व प्रकाश यांचे प्रयोग केले. मद्रास विद्यापीठाची मास्टरची पदवी 1944 मध्यें व डी.एस्‌सी. 1947 मध्यें मिळाली. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीं ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत गेले व तेथें वूस्टर या स्फटिकशास्त्रज्ञाजवळ राहून 1949 मध्यें पीएच्.डी. झाले. त्याच काळांत लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनज्ञाचीं व्याख्यानें ऐकण्याचा योग त्यांना आला. पॉलिंग हे तारेच्या व कागदाच्या प्रतिकृति करून रेणूंचे आकार शोधीत. प्रयोगाच्या तुटपुंज्या माहितींत अचूक तर्काची भर घालून निसर्गाचें गुपित काढून घेतां येतें, ही शिकवण रामचंद्रन यांच्या मनांत तेथेंच रुजली असावी.

परत आल्यावर तीन वर्षें बंगलोरला काढून 1952 मध्यें ते मद्रास विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. तेथील कुलगुरु डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनीं ही जागा आधीं रामन यांना देऊं केली होती. रामन यांनीं आपल्या शिष्याचें नांव सुचविलें. वय तीस, विभाग नवा, उपकरणें बेताचीं. अशा स्थितींत कोणता प्रश्न हातीं घ्यावा, हीच पहिली अडचण होती. ती सोडविली एका पाहुण्यानें. इंग्लंडचे प्रसिद्ध स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल हे मद्रासला आले असतां बोलण्याच्या ओघांत कोलॅजनचा विषय निघाला. या प्रथिनाच्या रचनेविषयीं अनेक कल्पना पुढें आल्या होत्या, पण एकही समाधानकारक नव्हती. रामचंद्रन यांनीं तोच प्रश्न उचलला.

येथें प्रथिन म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अमिनो आम्लें नांवाचे वीस प्रकारचे मणी आहेत अशी कल्पना करा. ते एकापुढें एक ओंवून लांब माळ केली कीं प्रथिन झालें. मात्र ही माळ गळ्यांतील माळेसारखी सैल लोंबत नाहीं. ती वळून, दुमडून स्वतःभोंवतीं अशा विशिष्ट रीतीनें घडी घालून घेते कीं, त्या घडीवरच तिचें कार्य अवलंबून असतें. अंडें उकडलें असतां आंतील पांढरा बलक घट्ट व अपारदर्शक होतो तो याच कारणानें. मणी तेच, त्यांचा क्रमही तोच. पण उष्णतेनें घडी मोडते आणि माळा एकमेकींत गुंततात.

रामचंद्रन व त्यांचे तरुण सहकारी गोपीनाथ कार्था यांस मद्रासमध्येंच अडयार येथील मध्यवर्ती चर्म-संशोधन संस्थेकडून कांगारूच्या शेपटींतील कंडरेचें कोलॅजन मिळालें. त्यावर क्ष-किरण टाकून उमटलेलीं छायाचित्रें अस्पष्ट होतीं. तीं पाहून रचना सरळ वाचतां येणें शक्य नव्हतें. परंतु रसायनज्ञांनीं एक गोष्ट आधींच मोजून ठेविली होती. ती अशी कीं, कोलॅजनांतील जवळजवळ एक-तृतीयांश मणी ग्लायसीन नांवाचे, म्हणजे सर्व मण्यांत अत्यंत लहान असतात. आतां विचार करा: तीन पदर घेऊन घट्ट चऱ्हाट वळलें, तर प्रत्येक पदराचा कांहीं भाग मधोमध दबला जातो. तेथें मोठ्या मण्यास जागाच उरत नाहीं. प्रत्येक पदरांतील दर तिसरा मणी जर आंतल्या बाजूस येत असेल, तर तो सर्वांत लहानच असला पाहिजे. मोजणी व भूमिति यांचा असा मेळ बसला. कोलॅजन म्हणजे तीन माळांची तिपेडी रचना आहे, असें प्रतिपादन करणारा लेख रामचंद्रन व कार्था यांनीं ऑगस्ट 1954 मध्यें ‘नेचर’ या इंग्लंडांतील साप्ताहिकांत छापविला. पुढल्या वर्षीं त्यांनीं त्यांत सुधारणा केली. मळसूत्राप्रमाणें वळलेले तीन पदर पुनः एकमेकांभोंवतीं पिळलेले आहेत, असें त्यांनीं दाखविलें. दोर वळणाऱ्या माणसास हें समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं. तोही आधीं प्रत्येक पदरास पीळ देतो आणि मग ते पदर एकत्र वळतो.

हें यश फार दिवस निर्वेध राहिलें नाहीं. केंब्रिजचे फ्रान्सिस क्रिक, ज्यांनीं 1953 मध्यें वॉटसन यांच्यासह डी.एन्.ए.ची दुपेडी रचना सांगितली होती, त्यांनीं अलेक्झांडर रिच यांच्या साह्यानें 1955 मध्यें कोलॅजनची आपली निराळी आकृति प्रसिद्ध केली. तीन पदरांची कल्पना त्यांनीं स्वीकारली; पण मद्रासच्या आकृतींत कांहीं अणु एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत कीं तसें निसर्गांत संभवत नाहीं, असा आक्षेप घेतला. पदरांस जोडणारे हायड्रोजन-बंधही दर तीन मण्यांमागें दोन नसून एकच असला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. केंब्रिजचा शब्द म्हणजे त्या काळीं शास्त्राचा जवळजवळ अखेरचा निकाल. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांतील एका नव्या विभागाचें पहिलेंच मोठें काम अशा रीतीनें कोपऱ्यांत लोटलें जाण्याचा प्रसंग आला. हा आघात रामचंद्रन यांना लागला नसेल असें समजणें चुकीचें होईल; ते मानी स्वभावाचे होते.

या वादाचा न्याय आज करावयाचा तर तो दोन्ही पक्षांस थोडा थोडा द्यावा लागतो. बंधांच्या संख्येविषयीं क्रिक व रिच यांचें म्हणणें बरोबर ठरलें. सरळ बंध एकच असतो. तिपेडी रचनेची मूळ कल्पना मात्र मद्रासची, आणि ती अबाधित राहिली. पुढें 1968 मध्यें रामचंद्रन यांनीं असें सुचविलें कीं, दुसरा सांधा सरळ नसून मधल्या पाण्याच्या रेणूच्या द्वारें जुळत असावा. सन 1994 मध्यें अमेरिकेंत कोलॅजनसारख्या एका लहान प्रथिनखंडाचा स्फटिक तपासला गेला, तेव्हां त्यांत तिपेडी रचना तर दिसलीच, शिवाय तिच्याभोंवतीं पाण्याच्या रेणूंचें जाळेंही स्पष्ट दिसून आलें.

परंतु त्या आक्षेपांतून जें निघालें तें कोलॅजनहूनही मोठें होतें. उत्तरादाखल आणखी एक वादाचा लेख लिहावयाचा मोह कोणासही झाला असता. रामचंद्रन यांनीं मूळ प्रश्नालाच हात घातला. दोन अणु एकमेकांच्या किती जवळ येऊं शकतात? यासंबंधीं सर्वजण कांहीं ठराविक अंतरें गृहीत धरून चालत होते. पण तीं कोणी नीट पडताळून पाहिलीं होतीं काय? त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं अनेक सेंद्रिय पदार्थांच्या स्फटिकांचीं प्रसिद्ध झालेलीं मोजमापें चाळून काढलीं आणि प्रत्यक्षांत आढळणारीं लहानांत लहान अंतरें कोष्टकांत मांडलीं. कार्बनचे दोन अणु साधारणतः 3.2 अँगस्ट्रॉमपर्यंत आणि अगदीं ओढाताणीनें 3.0 पर्यंत जवळ येतात. हायड्रोजनचे दोन अणु 2.0 पर्यंत, फार तर 1.9 पर्यंत. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. रूढ समजुतीपेक्षां हीं अंतरें कमी होतीं, म्हणजे आक्षेप वाटला होता तितका भक्कम नव्हता, हें तर दिसून आलेंच. पण कोष्टक हातीं आल्यावर त्यांचें मन तेवढ्यावर थांबलें नाहीं. हा नियम एकट्या कोलॅजनला कां लावावा? जगांतील यच्चयावत् प्रथिनांस कां लावूं नये?

आतां पुढील युक्ति ध्यान देऊन वाचावी, कारण सैद्धांतिक पदार्थविज्ञानाची सारी खुबी तींत आहे. पॉलिंग व त्यांचे सहकारी कोरी यांनीं असें दाखविलें होतें कीं, प्रथिनाच्या माळेंत दोन मण्यांमधील सांधा सपाट व ताठ असतो. म्हणून माळेऐवजीं शाळेच्या लहान लहान पाट्या कोपऱ्याशीं कोपरा जोडून केलेली सांखळी डोळ्यांपुढें आणा. पाटी वांकत नाहीं. पण जेथें दोन पाट्या मिळतात त्या कार्बनच्या अणूपाशीं प्रत्येक पाटीला आपल्या बंधाभोंवतीं फिरतां येतें. म्हणजे प्रत्येक सांध्यावर दोनच कोन सांगावयाचे. या कोनांस आज फाय व साय हीं ग्रीक अक्षरें लावितात. सर्व सांध्यांचे हे दोन कोन कळले कीं माळेचा कणा कसा वळला आहे हें कळलें. हजारों अणूंच्या जंजाळांतून प्रश्न प्रत्येक सांध्यापुरता दोन आंकड्यांवर आला.

मग रामचंद्रन, सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन या तिघांनीं काय केलें? एक कोन आडव्या रेषेवर व दुसरा उभ्या रेषेवर घेऊन एक चौकोन आंखला. दोन्ही कोन थोडथोड्या अंशांनीं बदलीत जाऊन प्रत्येक ठिकाणीं अणूंचीं परस्पर अंतरें काढलीं. अणु म्हणजे कठीण गोलक. ते एकमेकांत घुसले कीं ती जागा वर्ज्य, न घुसले तर ग्राह्य. एवढा एकच नियम, इतका साधा कीं गोट्या खेळणाऱ्या मुलासही समजावा. आजच्यासारखे संगणक हाताशीं नसल्यामुळें हें काम टेबलावरील हिशोबाच्या यंत्रांवर, आंकड्यांमागून आंकडे मांडून करावें लागलें. त्याचें फळ 1963 मध्यें ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. चौकोनाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग वर्ज्य ठरला. राहिलेल्या थोड्या जागेंत तीन बेटें उरलीं. पॉलिंग यांनीं सांगितलेलें उजवें मळसूत्र एका बेटांत पडतें. रेशमांतल्यासारखे लांबट, पटाप्रमाणें पसरलेले धागे दुसऱ्यांत. आणि तिसरें लहानसें बेट डाव्या मळसूत्राचें. ग्लायसीनला बाजूची फांदीच नसल्यामुळें त्यास पुष्कळ मोकळीक मिळते, हेंही हिशोबांतूनच निघालें.

कोणतेंही एक प्रथिन डोळ्यांसमोर न ठेवतां, केवळ गोलकांच्या अंतरांवरून, सर्व प्रथिनांस कोणत्या घड्या शक्य व कोणत्या अशक्य हें सांगणारा हा नकाशा होता. प्रथिनांचे अणुन्-अणु दाखविणारे आकार त्या वेळीं नुकतेच कोठें कळूं लागले होते. पुढें एकामागून एक रचना उलगडत गेल्या. आतां त्यांची संख्या दोन लक्षांहून अधिक झाली आहे. आणि त्यांतील कोन मांडून पाहिले असतां ते बहुतेक सर्व त्या ग्राह्य बेटांवरच पडतात. म्हणून आज कोणी नवी रचना प्रसिद्ध करूं लागला तर प्रथम ती या नकाशावर ठेवून तपासतात. बरेचसे ठिपके वर्ज्य भागांत पडले तर चूक निसर्गाची नसून मोजणाराची, असें समजलें जातें. या नकाशास सर्व जगांत ‘रामचंद्रन प्लॉट’ असें म्हणतात.

नकाशानें अशक्य वाटा बंद केल्या. पण उरलेल्या वाटांतून माळ आपली नेमकी घडी कशी शोधून काढते, हा प्रश्न राहिलाच. ख्रिश्चन आन्फिन्सेन यांनीं रिबोन्यूक्लिएज नांवाच्या प्रथिनाची घडी मुद्दाम मोडली व अनुकूल स्थिति मिळतांच ती आपोआप पुनः बसते असें दाखविलें. त्याबद्दल त्यांना 1972 चें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां घडीची कृति माळेंतच लिहिलेली आहे हें ठरलें. परंतु 1969 मध्यें लेव्हिन्थॉल या शास्त्रज्ञानें एक कोडें घातलें होतें. शंभर मण्यांच्या माळेंत प्रत्येक सांध्यास नुसत्या तीन जागा धरल्या, तरी एकंदर आकारांची संख्या सत्तेचाळीस शून्यांच्याही घरांत जाते. सेकंदास दहा लक्ष कोटी, म्हणजे एकावर तेरा शून्यें इतके आकार तपासले, तरी सर्व पाहून होण्यास विश्वाच्या वयाहून कितीतरी पटींनीं अधिक काळ लागेल. प्रत्यक्षांत पुष्कळ लहान प्रथिनें सेकंदाच्या आंत घडी घालून मोकळीं होतात!

याचें उत्तरही पदार्थविज्ञानानेंच सुचविलें. बालाघाटाच्या डोंगरउतारावर पडलेला पाऊस तेरणेस मिळतो, तो कांहीं जिल्ह्यांतील प्रत्येक ओहोळ चाचपून पाहून नव्हे. उतारच त्यास तिकडे नेतो. जपानांतील नोबुहिरो गो यांनीं 1970 नंतरच्या दशकांत, आणि अमेरिकेंतील ब्रिंगेलसन व वोलाइन्स यांनीं 1987 मध्यें, प्रथिनांच्या ऊर्जेचा असाच उतार कल्पून गणितें मांडलीं. ब्रिंगेलसन व वोलाइन्स यांनीं तर विस्कळीत चुंबकीय पदार्थांसाठीं बनविलेला सिद्धांत या कामास जुंपला. निसर्गानें निवडलेल्या माळांत हा उतार बहुतांशीं नरसाळ्यासारखा असतो. वाटेंत खळगे असले तरी ओघ तळाशींच येतो. सन 2024 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक प्रथिनांचे नवे आकार संगणकानें रचणारे बेकर, आणि मण्यांच्या क्रमावरून घडी ओळखणारें यंत्र करणारे हसाबिस व जंपर यांस मिळालें. यंत्र अखेरची घडी सांगतें. माळ तेथपर्यंत कोणत्या वाटेनें जाते हें मात्र अद्याप अभ्यासिलें जात आहे. रामचंद्रन यांनीं स्वतः 1968 मध्यें शशिशेखरन यांच्यासह जो विस्तृत प्रबंध लिहिला, त्यांत कठीण गोलकांच्या पुढें जाऊन अणूंमधील ऊर्जेचे हिशोब कसे करावे याचें विवेचन आहे. या नव्या रस्त्याचा आरंभ तेथेंही दिसतो.

सन 1970 मध्यें त्यांनीं मद्रास सोडलें. अठरा वर्षें राबून नांवारूपास आणलेला विभाग सोडून जाणें सोपें नसतें. दुसऱ्याच वर्षीं बंगलोरच्या आपल्या जुन्या संस्थेंत त्यांनीं रेणवीय जीवभौतिकीचा स्वतंत्र विभाग उभा केला. कांहीं काळ ते शिकागो विद्यापीठांतही शिकवीत. याच संक्रमणाच्या दिवसांत ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांजबरोबर त्यांनीं आणखी एक कार्य केलें, ज्याचा उपयोग इस्पितळांत जाणाऱ्या रोग्यास होतो. अनेक बाजूंनीं घेतलेल्या क्ष-किरणांच्या छायांवरून शरीराच्या आंतील छेदाचें चित्र कसें जुळवावें, याची सोपी व जलद गणिती रीत त्यांनीं 1971 मध्यें प्रसिद्ध केली. सी.टी. स्कॅन म्हणून जी तपासणी आपण ऐकतो, तिच्या गणितांत या रीतीस मानाचें स्थान आहे. स्फटिकांच्या अभ्यासांत मुरलेल्या मनास ही युक्ति सुचली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

भारतांत त्यांना 1961 मध्यें भटनागर पारितोषिक मिळालें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें 1977 मध्यें त्यांना सभासद करून घेतलें. नोबेल पारितोषिक त्यांच्या वाट्यास आलें नाहीं. त्याहून कमी मोलाच्या कामास तें मिळालें आहे असें आमचें मत आहे, पण तो वाद येथें नको. कर्नाटक संगीत व भारतीय तत्त्वज्ञान यांची त्यांना आवड होती, आणि उत्तरायुष्यांत तर्कशास्त्राला गणिताचें रूप देण्याच्या खटपटींत ते गढून गेले. एवढी तीव्र बुद्धि ज्यास लाभली त्या मनाला तिचा तापही सोसावा लागला. मधून मधून त्यांना मानसिक व्याधीनें ग्रासलें, आणि अशा काळीं त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी यांनीं त्यांना सांभाळलें. या दोघांचा विवाह 1945 मध्यें झाला होता. पुढें पक्षाघात व कंपवात यांनीं त्यांचें शरीर खिळिळें केलें. सन 1998 मध्यें पत्नी निवर्तल्या, आणि रामचंद्रन अगदींच एकटे पडले. त्यानंतरच्या वर्षीं, स्फटिकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघानें आपलें एवाल्ड पारितोषिक त्यांना दिलें.

ता. 7 एप्रिल 2001 रोजीं चेन्नई येथें, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. मद्रास विद्यापीठांत त्यांनीं स्थापिलेला स्फटिकशास्त्राचा व जीवभौतिकीचा विभाग आणि बंगलोर येथील त्यांचा विभाग हे दोन्ही आज चालू आहेत. आणि जीवरसायनाच्या कॉलेजांतील पाठ्यपुस्तकांत प्रथिनांच्या प्रकरणाशीं आलें कीं, तीन बेटांचा तो चौकोनी नकाशा विद्यार्थ्यास हटकून भेटतो.